जावक क्रमांक ४१२

अकरा तारखेला साहेब म्हणाले,
सुषमाताई, तळाशी एक नंबर मोकळा सोडा.
एवढंच म्हणाले आणि चहा सांगायला वळले.

मोकळा नंबर म्हणजे काय
ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही.
मागच्या तारखेत उघडणारं दार असतं ते,
एका ओळीएवढं उंच.
बावीस वर्षांत अशी किती उघडी ठेवली,
मोजलेली नाहीत.

आज सतरा. नोटीस टेबलावर आली:
कु. हर्षदा गांगुर्डे, फार्मसी, तृतीय वर्ष,
सात दिवसांत लेखी खुलासा करावा.
सुनावणी उद्या अकरा वाजता.
तारीख घाला अकरा, नंबर चारशे बारा.

नोटिशीखाली चुकून दुसरा कागद आला होता.
समितीच्या तिन्ही सदस्यांची नावं, सह्यांपुरती जागा,
आणि मधे एक वाक्य :
‘सुनावणीत समाधानकारक खुलासा देता आला नाही.’
उद्याची गोष्ट, भूतकाळात.
शाळेत आम्हाला असा काळ शिकवला नव्हता.

बाहेर बाकावर तिचे वडील.
सातपूरला लेथवर असतात, पहिली पाळी करून आलेले,
नखांत ऑइल, मांडीवर डबा,
पोरीचं हॉल तिकीट प्लास्टिकच्या पिशवीत.
काशिनाथने त्यांना दोनदा सांगितलं, साहेब मीटिंगमधे आहेत.
तिसऱ्यांदा ते माझ्याच खिडकीशी आले.
आवाज चढवला नाही.
म्हणाले, मॅडम, आमच्याकडं नट रिजेक्ट झाला
तर त्यालासुद्धा चिठ्ठी लावतात,
कुठलं माप चुकलं त्याची.

मी म्हटलं, बसा.
दुसरं काय म्हणणार?

माझं माहेर गोदेकाठचं, भांडीबाजाराच्या मागे.
पूर आला की वडील आम्हाला दुतोंड्या मारुती दाखवायला न्यायचे.
पाणी गुडघ्याला, पाणी कमरेला, पाणी छातीला,
गावाला तेवढं पुरायचं.
कोणी म्हणू शकत नसे नंतर,
की त्या दिवशी पाणी एवढं नव्हतंच.
मी विचारायचे, याला दोन तोंडं कशाला?
वडील म्हणायचे, गप बस, घसरशील.

पोरीने कॉपी केली का?
मला माहीत नाही.
चिठ्ठी मी पाहिलेली नाही.
केलीही असेल. त्या वयात मीही
तळहातावर सनावळ्या लिहून नेल्या होत्या,
घामाने पुसल्या म्हणून प्रामाणिक राहिले.
प्रश्न तो नव्हता.
प्रश्न माझ्या वहीतल्या एका ओळीचा होता,
आणि पेन माझ्या हातात.

लाल पेन घेतलं.
चारशे बारावर आडवी रेघ मारली, पट्टी लावून.
‘रद्द’. खाली सही, आणि सहीखाली तारीख : सतरा.
मग शेवटच्या पानावर आले, नोटीस नोंदवली
जावक क्रमांक ४३१, दिनांक सतरा,
आणि खिडकीतून हात बाहेर काढून
पोच घेतली. त्यांनी सही सावकाश केली,
पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

शौर्यबिर्य काही नाही.
हात कापत होता, रेघ शेवटी जरा वर गेलीय,
वही कधी पाहिलीत तर दिसेल.
साहेब आठवडाभर बोलले नाहीत.
चहाचा ट्रे माझ्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागला.
‘तुम्हाला कळत नाही, संस्थेची बदनामी होते,’
एवढं एकदा, जिन्यात.

सुनावणी सरकली पंचवीसला.
त्या दिवशी ती आली, दोन वेण्या, निळी फाईल,
चिठ्ठीची झेरॉक्स मागून घेतलेली,
त्यावरच्या अक्षराशेजारी स्वतःच्या जर्नलचं पान.
दार बंद झालं अकरा वाजून पाच मिनिटांनी.
काशिनाथ म्हणाला, दहा मिनिटांत उरकेल.

बारा वाजले.
मी युनिव्हर्सिटीची पाकिटं चिकटवत होते.
आतून आवाज येत होते, दोन बाजूंचे,
एक थांबला की दुसरा.
शब्द काही कळत नव्हते.