येण्याचा उद्देश

पोलीस ठाण्यातल्या कागदावर एक रकाना असतो:
येण्याचा उद्देश.
प्रेबेन दरवर्षी तिथे लिहितो, हिवाळा.
हवालदार दरवर्षी विचारतो, म्हणजे पर्यटन ना?
आणि मी, घरमालकीण, दरवर्षी म्हणते,
लिहा हो, पर्यटन.

पण सहा वर्षांत यानं गेटवे पाहिलेला नाही.
पाच चाळीसला नळ येतो तेव्हा हा उठलेला असतो.
आपलं पिंप भरतो, माझंही भरतो,
आणि डोंगर चढायला जातो.

डोंगर म्हणजे आमचा माझगावचा,
वर बाग, बागेखाली पाण्याची टाकी,
कठड्याशी उभं राहिलं की गोदीतल्या क्रेन.
माझ्या गुडघ्यांनाही दहा मिनिटं पुरतात.
मी म्हटलं, याला डोंगर म्हणायची नुसती पद्धत आहे.
तो गंभीरपणे म्हणाला,
आमच्या गावात याहून उंच फक्त चर्च.
त्या दिवसापासून मीही जाता-येता
मान जरा वर करून बघते त्या डोंगराकडे.

डिसेंबरात मी स्वेटर, कानटोपी, पायात मोजे.
हा गच्चीत अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात,
पोळीवर लोणी, लोण्यावर काकडी.
खालचा इस्त्रीवाला रामसजीवन म्हणतो,
साहेबाला आतून शेगडी आहे.

तिकडे या दिवसांत साडेतीनलाच मावळतं.
बायको गेल्यावर, तो एकदा म्हणाला,
संध्याकाळ फार लांबायला लागली.
एवढंच. मग काकडी चिरत राहिला.
मी काही बोलले नाही.
माझी संध्याकाळ सहाला होते
आणि तीही पुरून उरते.

संक्रांतीला शिकवलेलं वाक्य
त्यानं शिमग्यापर्यंत वापरलं.
बोंबलांचा भाव करताना धुरपताला म्हणाला,
तिलगुल घ्या, गोड बोला.
तिनं वाट्यावर दोन जास्तीचे टाकले.
तीस वर्षांत मला एक नाही.

यंदा जानेवारीत एका रात्री पारा चौदावर गेला.
दोनला दार वाजलं.
बाहेर हा, हात काखेत,
गोसल-कार, थंडी.

आधी मला कळेचना.
हा शब्द मीच दिला होता त्याला,
पण त्याच्या अंगाला तो कधी बसलाच नव्हता.
दात वाजत होते त्याचे, आणि हसतही होता,
परीक्षेत पास झालेल्या मुलासारखा.
मी गोधडी काढली, माझ्याच जुन्या पातळांची,
डांबराच्या गोळ्यांचा वास अजून होता तिला.
ती पांघरून तो जिन्यातच बसला
आणि हसायचा थांबला.
म्हणाला, इथेही थंडी वाजायला लागली
तर मी आता हिवाळ्यात कुठे जाऊ?

रात्री दोनला असल्या प्रश्नांना उत्तरं नसतात.
मी म्हटलं, कान झाका आधी.

होळी झाली. पहाटे टॅक्सी आली.
गोधडी घडी करून खाटेवर,
भाड्याचा हिशोब पाटीखाली, सुट्ट्यासकट.
केर काढताना झाडू अडला:
खाटेखाली त्याचे बर्फातले बूट.
दर नोव्हेंबरात तो ते घालून येतो,
मार्चात घालून जातो.
यंदा चपला घालून गेला बहुतेक.
विसरला की ठेवले, विचारायचं म्हणून
दोनदा फोन हातात घेतला.
ठेवून दिला.

आता एप्रिल. अंगाची लाही.
गच्चीत माझ्या मिरच्या, त्यांच्या शेजारी ते बूट,
नाड्या सोडून, जिभा बाहेर काढून.
ओले नाहीत, कधी झालेच नाहीत इथे.
तरी रविवारी त्यांना ऊन दाखवते.
रामसजीवन कपडे द्यायला वर आला,
वाकून बघितलं, बापरे, केवढे. कोणाचे?

पर्यटन, मी म्हटलं,
आणि मिरच्या परतल्या.