झाकण

लाइनमन होतो मी, एकतीस वर्षं.
खांबावर चढलं की गावाची पाठ दिसते:
पत्र्यांवर ठेवलेले दगड, वाळत घातलेल्या मिरच्या
आणि कुठंतरी शेळ्यांच्या कुडाला ठोकलेली
उलटी, निळी, इनॅमलची एखादी पाटी.
वायर ओढता ओढता मी मान वाकडी करून वाचायचो:
...दील छाप बि...

रिटायर झालो आणि उलट्या पाट्या सुलट करत सुटलो.
देवणी, वलांडी, हाळी, औराद.
कंदील छाप मोरीवर सापडली, अर्धी शेवाळलेली.
सोंडेत विडा धरलेला जर्द्याचा हत्ती
न्हाव्याच्या आरशामागं.
बायको म्हणते, घरात ना कुणी ओढतं ना कुणी खातं,
भिंतीला मात्र व्यसन लागलं.

तोंडारला शकिराबींच्या रांजणावर होती
जोडकबुतर बिडी.
वर उर्दू, मधे मराठी, खाली कानडी,
तिन्हींत एकच थाप: थकवा पळतो.
डाव्या कबुतराच्या पोटात दोन भोकं.
मी विचारलं, गोळीची का? ॲक्शनच्या साली?
त्या हसल्या.
गोळीची असतील, गोफणीची असतील, खिळ्याची असतील.
तुमना कौनसे होना?

मग म्हणाल्या, वाचा की, काय लिहिलंय.
वाचलं.
त्यांनी उजव्या हाताची बोटं पदराला पुसली.
तर्जनी अजून वाकडीच, पान वळवताना असते तशी.
रोज हजार वळूलालते मी, म्हणाल्या,
आन् चाळीस वर्सं ह्याच्याखालचं पानी पिऊलालाव.
कुनी सांगितलं नाही थकवा पळतो म्हनून.

दोन हजार म्हणालो. अडीच म्हणालो.
पैशानं रांजण झाकत नाही, भाऊ.

तेव्हा उदगीरला मोंढ्यामागं पत्रेवाल्याकडं बसून
झाकण करून घेतलं, मूठ लावून,
आणि अडीच हजारांवर ठेवून दिलं.

घरी आणून पाटी धुतली.
मागच्या बाजूला रांजणाच्या तोंडाएवढं
गंजाचं कडं,
कडेला दाट, आत विरळ होत गेलेलं.
पुण्याच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवला,
तो म्हणाला, पुढची बाजू पाठवा ना.
नाही पाठवली.
ही एकच पाटी मी उलटी टांगलीय.

परवा शकिराबींच्या नातवाचा फोन आला.
आजी म्हणूलालीय,
नवं झाकण वाऱ्यानं उडूलालंय,
रोज दगड ठेवावा लागूलालाय.
जुनं लई जड होतं.