बंदर ओहोटीला बघायचं

दांडिया बाजारातल्या आमच्या जेवणाच्या टेबलावर
गेले चार महिने समुद्र पसरलाय.
एका कोपऱ्यावर लिल्या चेवड्याचा डबा,
दुसऱ्यावर खलबत्ता,
तिसऱ्यावर विश्रामच्या रक्तदाबाच्या गोळ्या.
चौथा कोपरा पंख्यानं फडफडत राहतो,
तिकडे लक्षद्वीप आहे,
ते तसंही आमच्या यादीत नाही.
आम्ही ओट्याशी उभ्यानं जेवतो.

वाघोडिया रोडचा प्लॉट विकून घेतलेली बोट,
एकोणतीस फूट, नाव 'टिटवी',
गोव्यात कुणाच्या आवारात टेकूंवर उभी आहे
आणि अर्जातला एक रकाना रिकामा.
मूळ बंदर.

विश्राम जन्मभर खत कारखान्यात व्हॉल्व्ह तपासत आला.
त्यानं तक्ता आखलाय, पत्रिका जुळवावी तसा.
खोली, आडोसा, गाळ, डिझेल, गोडं पाणी,
नैर्ऋत्येचा वारा, स्टेशनपासून रिक्षा.
छत्तीसपैकी सव्वीसच्या वर कुणी गेलं नाही.
दीव देखणं, पण तोंडाशी वाळूचा दांडा.
वेरावळला होड्याच इतक्या की पाणी शोधावं लागतं.
आणि मांडवी म्हटलं की मला
आमची इथलीच मांडवी दिसते,
कमानी, कमानींत अडकलेले टेम्पो, दोरे-बटणांची दुकानं.
कच्छात त्याच नावाचं बंदर आहे
यावर साठाव्या वर्षीही माझा पुरता विश्वास नाही.

घोघ्याला गेलो, नकाशावर वीतभर म्हणून.
पोचलो तेव्हा समुद्र नव्हता.
खरंच नव्हता.
नजर जाईल तिथवर चिखल,
त्यात कुशीवर निजलेली गलबतं,
नांगराची साखळी हुंगत चाललेलं एक कुत्रं.
विश्रामनं वही मिटली. म्हणाला,
पाणी आल्यावर येऊ.
धक्क्यावर जाळं सांधत बसलेले जुसबभाई
वर न बघता म्हणाले,
बंदर ओहोटीलाच बघायचं, साहेब.
भरतीला काय, डबकंसुद्धा बंदर दिसतं.

मला पाहायला आले होते इंदूरला
तेव्हा आमच्या घरी भरती होती.
शेजारच्या खुर्च्या, मावशीचा टी-सेट,
माझ्या गळ्यात काकूची मोहनमाळ.
बाबांची गेलेली नोकरी, माझा पहाटेचा दमा
हे खडक विश्रामला मागाहून लागले.
मलाही त्याचे लागले,
आठवडा-आठवडा न बोलणं,
दार न आपटता लावायची ती रीत.
तरी आत शिरता आलं,
रात्री, वारा नाकावर घेऊन, काठावर दिवा नसताना.
तक्त्यात याला रकाना नाही.

जयगडला गेलो ते पंचांग बघून,
अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला.
खाडी उतरलेली, खडकांनी दात काढलेले,
चिखलात प्लॅस्टिक, कालवं फोडणाऱ्या बायका.
एकीनं विचारलं, काय हरवलं काय?
मधे मात्र काळसर हिरवं पाणी
आपलं आपलं हलत होतं.
भाड्याच्या होडीतून विश्रामनं शिशाचं वजन सोडलं,
दोरी हातांनी मोजत वर ओढली.
साडेतीन वाव.
वहीत काही लिहिलं नाही.

काल रात्री विश्वामित्रीच्या पुलावर
त्यानं उगीचच स्कूटर थांबवली.
खाली नाल्याएवढं पाणी, त्यात मगरीचे नुसते डोळे.
दर पुरात ही कुणाच्या तरी सोसायटीत शिरते,
जबडा बांधून तिला लांब सोडतात,
पुढच्या पावसाळ्यात तीच की दुसरी
कोण ओळखणार.

घरी येऊन त्यानं पेनाचं टोपण काढलं.
जयगडला एकवीसच गुण पडतात, म्हणाला,
स्टेशन लांब आहे.
मी म्हटलं, पेन्सिलनं लिही.
पेन्सिल चालत नाही, शाईनंच लिहायचंय.
मग शाईनं लिही.
आणि तो चेवड्याचा डबा उचल तिथून,
सादळायला लागलाय.