हर्णै, आंजर्ले, केळशी

मार्केट यार्डातलं दुकान बंद केलं
तेव्हा हळदीच्या वहीत कोरी पानं उरली होती.
रकाने छापील: पोती, तूट, हमाली, तोलाई.
त्यातच लिहिलं.
पोती म्हणजे गुंठे. हमाली म्हणजे सांगलीपासूनचा रस्ता.
तूट म्हणजे दारापासून लाटेपर्यंतची पावलं.
तोलाईचं काय करावं, ते कळेना.

हर्णै.
एसटी दाराशी, दवाखाना जवळ, भाव चढा.
संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव.
राजमती गाडीतून उतरलीच नाही.
पदर नाकाला लावून म्हणाली,
"गावाचा काही दोष नाही."
मी फुली मारली,
मग तिचा चेहरा बघून अर्धी खोडली.

आंजर्ले, खाडीच्या पलीकडं.
सुपारीची बाग, गोड्या पाण्याची विहीर.
जागा दाखवणारा तांबे एका दगडावर चढला.
"ही भरतीरेषा. हिच्या अलीकडं इतकी जागा मोकळी सोडायची,
कायद्यानं वीटसुद्धा ठेवता येत नाही."
मला हसू आलं.
आमचं गावभागातलं घर
नकाशातल्या निळ्या पूररेषेच्या आत आहे.
जिन्याच्या चौथ्या पायरीशी पाच सालची रेघ,
दहाव्या पायरीशी एकोणीसची.
रंगाऱ्यानं विचारलं होतं, पुसू का?
नको म्हटलं.
नातवंडांची उंची मांडतात भिंतीवर,
तशी कृष्णेची मांडलीय.
श्रावणात आमच्याकडं फोनवर
"कसे आहात" असं कुणी विचारत नाही.
"आयर्विनला किती फूट?" एवढंच.

तांबेनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला,
"मग समुद्राला काय भिताय, आप्पा?
तो रोज येतो, रोज जातो.
मुक्कामाला राहत नाही."

केळशी.
वाळूची टेकडी, तिच्यावर निवडुंग,
सगळ्यात स्वस्त, सगळ्यात लांब.
तिथं राजमती चप्पल काढून चालली.
ओल्या वाळूत पाऊल ठेवायच्या आधी
दर वेळी खाली बघायची,
एखादा खेकडा, एखादं काही चिरडू नये म्हणून.
पाऊण तासात शंभर पावलं झाली असतील.
मी मोजत होतो, तूटच्या रकान्यासाठी,
नंतर मोजायचं विसरलो.

सन्मतीचा फोन, बंगळुरूहून:
"आप्पा, गज वर्षात गंजतात तिकडं.
फ्रिज टिकत नाही. आणि रात्री छातीत दुखलं तर?"
हेही लिहून ठेवलं, समासात.

काल पाच वाजताच पानं वाढली तिनं.
लग्नाला बेचाळीस वर्षं झाली,
दिवस मावळल्यावर तिच्या तोंडात घास गेलेला
मी पाहिलेला नाही.
जेवता जेवता म्हणाली,
"तिकडं मावळतो किती वाजता?"
शोधून काढलं. आपल्यापेक्षा
सहा मिनिटं उशिरा.
"रोज?"
"रोजच. थोडंफार इकडंतिकडं."
ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.
"म्हणजे ताक घाईनं प्यायला नको,"
आणि मग, बऱ्याच वेळानं,
"इथं तो शिंत्र्यांच्या पाण्याच्या टाकीमागं जातो.
खरा गेला की नुसता दिसेनासा झाला,
मला कधी कळलंच नाही.
मी आपली वाटी बाजूला सारते."

तोलाईचा रकाना सापडला.
त्यात सहा मिनिटं मांडली,
हर्णैला सहा, आंजर्ल्याला सहा,
केळशीला सहा.
तिन्ही सारखी. त्यातून निवड काय करायची?
वही तशीच उघडी राहिली,
पान उडू नये म्हणून वर बेदाण्याची वाटी.

उन्हाची पट्टी फडताळावरून सरकली,
टाकीमागं गेला सूर्य.
तिच्या पेल्यात दोन घोट ताक होतं.
"तिकडं अजून आहे," मी म्हणालो.
तिनं पेला उचलला,
आत बघितलं,
खाली ठेवला.
"तिकडं," म्हणाली.