ओळ सतरा

जिंतूरच्या बसस्टँडमागं, खताच्या दुकानावर
तीन कॉम्प्युटर आणि सात पोरी.
इंगोले सर म्हणाले, पान उघडंच उभंय,
आता त्याला नेसवा.

मी खालाच्या बांगड्यांचं दुकान मांडत होते.
शनिवारी सरांचा जुना लॅपटॉप तिच्या गल्ल्याशेजारी.
रंग लिहिला, हिरवा. तो निघाला पालकाचा.
खालानं चष्मा वर केला : हा नव्हं गं,
नवरीचा हिरवा पायजे.
आकडे बदलत बसले. लाईट गेली तेव्हा
नवरीपासून दोन अक्षरं लांब होते.

पॅडिंग आणि मार्जिन माझं कायम उलटं व्हायचं.
खाला गिऱ्हाइकाचा हात धरूनच म्हणाली,
बांगडी न् मनगटातली जागा, ती आतली.
ह्या बांगडीतली न् पुढच्या बांगडीतली, ती भायेरची.
कामून घोटाळा करायलीस?
अडीचच्या मापाच्या चार चढल्या
एवढ्यात.

मग स्क्रिप्ट.
बोट लागलं की बांगडी किणकिणली पाहिजे.
लावलं. गप्प.
पुन्हा लावलं. चहा निवला.
सतराव्या ओळीत एक कंस
उघडाच राहिला होता,
रात्री विसरलेल्या कडीसारखा.

लावला. वाजली.
आणि वाजतच राहिली,
थांब म्हणायचं मी कुठं लिहिलंच नव्हतं.
समोरचा घड्याळवाला उठून बाहेर आला.

खाला डोळे मिटून ऐकत होती.
म्हणाली, आवाज काचेचा नाही.
लाखेचा वाटायलाय.