बदली

कुंडी फोडली तेव्हा कळलं,
आत माती उरलीच नव्हती फारशी.
मुळंच मुळं, गोल गोल फिरून
कुंडीच्याच आकाराची झालेली.

परुळेकर बाई वेंगुर्ल्याला परत गेल्या
तेव्हा हा मॉन्स्टेरा माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.
"परभणी मानवेल ना याला?"
स्वतःबद्दल सात वर्षांत
कधी विचारलं नव्हतं त्यांनी.

आपली काळी माती नको.
कपाशीला ती सांभाळते;
हा तिच्यात गुदमरला असता.
दुधनेची वाळू आणली, नारळाचा भुसा,
मूठभर लिंबोळी पेंड.
बोटांनी मुळं सोडवत बसलो
पोरीच्या ओल्या केसांतला गुंता सोडवावा तशी.
दोन तुटली. कुणाला सांगितलं नाही.

खालच्या अख्तरीआपा जिन्यातूनच म्हणाल्या,
"आता उगं पाणी ओतू नको.
अन् धरलंय का म्हणून
रोज हलवून बघू नको."

ऊन नको. खत नको.
बोअरचं तर नकोच,
बादलीला बसतो तो पांढरा थर
मुळांनाही बसेल.
टँकर मंगळवारी.
तोवर माझ्या माठातलं तांब्याभर.
रात्री कूलर त्याच्याकडे वळवला,
वाळ्याची ओल त्याला,
मला ओला टॉवेल.

एक पान पिवळं पडलं. मग दुसरं.
बाईंचा नंबर काढला, ठेवून दिला.
सांगणार काय?
नवी जागा आहे, रुळेल.

एकविसाव्या दिवशी देठापाशी
हिरवी सुरळी, घट्ट मिटलेली.
उलगडून बघावी म्हणून हात गेला,
आणि मी जिन्याकडे पाहिलं.