तोंडावरचं वजन

लष्कराच्या लिलावातली गाडी
तीन दिवस दारात उभी होती.
हिरवी, चारी चाकांना जोर असलेली,
आणि मागे नुसतीच भोकं.
हूक काढून घेतला होता कुणीतरी
द्यायच्या आधी.
शेजारची म्हणाली, रणगाडा आणलास काय गं?
म्हटलं, कौलं वाहणार. खानापूरची.
रांजण, कुंड्या, मिळेल ते.

फाउंड्री बंद पडताना भरमाणीला जे मिळालं
ते सगळं हिच्यात गेलं,
उरलं ते ट्रेलरला.

उद्यमबागेत पहिल्या दुकानात
काचेच्या कपाटात ठेवलेला जोडगोळा
इतका चकचकीत
की त्यात आम्ही दोघं दिसलो,
बुटके, नाकाडे, भांडून आलेले.
भरमाणीला तो आवडला.
मला किंमत दिसली.

इराप्पा बडिगेरच्या शेडला काच नाही.
त्यानं आधी चॅसीवरून बोटं फिरवली,
मग आमच्याकडं बघितलं. रस्ता कुठला?
जांबोटी. पुढं कणकुंबीपर्यंत.
मग गोळा बेडा.
गोळा म्हणजे डांबरावरचा पाहुणा,
खड्ड्यात मान मुरगाळून घेतो.
जबड्याचा हूक घ्या, त्यात कडी.
कडीला हलायला जागा लागते की हो.
किती?
सल्प, म्हणून त्यानं अंगठ्याचं नख दाखवलं.
जास्त ठेवली तर ब्रेकगणिक धक्का,
कौलाचे कोपरे जातात.
ठेवलीच नाही तर कडी जाते.

फळीवर दोन कड्या होत्या.
भरमाणीनं एक उचलली, उलटी केली,
इराप्पानं ती त्याच्या हातातून काढून घेतली.
ओतीव नको. घडीव घ्या.
ओतीव वजन पेलतं, हिसका पेलत नाही.
आत बुडबुडा राहिला तर देवाला पण दिसत नाही.

बावीस वर्षं भट्टीपुढं उभं राहिलेल्या माणसाला हे.
मी वाट बघत राहिले, आता भडकेल.
भरमाणी म्हणाला, दिसत नाही. ऐकू येतो.
पाना घेऊन त्यानं दोन्ही कड्या वाजवल्या,
डोळे मिटून, एकदा, परत एकदा.
ओतीव कडी फळीवर जपून ठेवली.
ही चांगली आहे, म्हणाला.
पण घडीव दे.

ट्रेलर एकाच आसाचा ठरला.
दोन आसांचा त्याला हवा होता,
कणकुंबीच्या वळणांनी तो कापून टाकला.
पाट्याच्या स्प्रिंगा, कैचीसारख्या
खालून फुलीत नेलेल्या दोन साखळ्या,
की कडी सुटली तरी दांडा रस्त्यावर आपटू नये.
वर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्ये आला.

मग इराप्पा म्हणाला, दोघं बसा की हो
दांड्यावर, अगदी तोंडाशी.
कशाला?
तोंडावर दहातला एक भाग लागतो.
दीड टन माल, म्हणजे दीडशे किलो.
तुमचं दोघांचं मिळून होतंय की तेवढं!
शेडमधली पोरं हसायला लागली.
आम्ही बसलो, खांद्याला खांदा,
चार दिवसांत पहिल्यांदा इतक्या जवळ.
लोखंडाला ग्रीसचा वास, त्याला तंबाखूचा.
गाडीची मागची बाजू
दोन बोटं खाली आली आणि थांबली.
साकु, म्हणाला इराप्पा. उठा.
आम्ही लगेच उठलो नाही.

पहिल्या फेरीत अकरा कौलं फुटली.
मोजून मी फोन लावला.
शेवटच्या रांगेतली ना?
होय.
शेपूट हलतंय तुमचं. माल पुढं सरकवा.
किती?
त्या दिवशी बसला होता बघा,
तेवढं.